लहान गलबते आणि लहान आगगाड्या

दिवाळी आली की महाराष्ट्रात घरोघरची मुले अंगणात मातीचा किल्ला करू लागतात. विटा, धोंडे, जुनी पोती आणि चिखल ह्यांतून बुरूज उभे राहतात. उतारावर आळीव किंवा मोहरी पेरली जाते. आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजाग पहाऱ्यास बसतात. चार-सहा दिवसांत आळीव उगवून वर येते व बुरुजाच्याही वर माना काढते. किल्ल्याच्या मानाने पाहिले तर ते गवत माडाएवढे झालेले असते. मावळा तर महादरवाज्याहून हातभर उंच! एखादे चौकस पोर विचारते, "हा शिपाई ह्या दरवाज्यातून आत जातो कसा?" वडील माणसे हसतात आणि विषय बदलतात.

आम्हांस मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती करावयास बसले असता कोणत्या गोष्टी मुकाट्याने लहान होतात आणि कोणत्या काही केल्या होत नाहीत, ह्याचा शोध पाश्चात्य देशांत गेली साडेतीनशे वर्षे चालला आहे. तो केवळ विद्वानांनी केला असे नाही. गोदीतील सुतार, तुरुंगातील कैदी, तळ्याकाठी जमणारे हौशी लोक, आणि जेवणाचे टेबल अडवून त्यावर रूळ टाकणारे कारकून व पाद्री अशा सर्वांचा त्यात हात आहे. लहान गलबते आणि लहान आगगाड्या करणाऱ्यांचा इतिहास म्हणजे एका अर्थी सृष्टीशी चाललेल्या एका जुन्या भांडणाचाच इतिहास होय, असे आमचे मत आहे.

ह्या कलेचे मूळ फार प्राचीन आहे. इ. स. १९२० मध्ये हर्बर्ट विनलॉक ह्यांस इजिप्तमध्ये थीब्ज येथे मेकेत्रे नामक सरदाराच्या थडग्यात लाकडी प्रतिकृतींचा मोठा साठा सापडला. त्यात वल्ह्यांच्या व शिडांच्या होड्या होत्या, गोठा होता, भाकरी भाजण्याचे ठिकाण होते. वय सुमारे चार हजार वर्षांचे. तुतनखामेन राजाच्या थडग्यात तर पस्तीस होड्या निघाल्या. परंतु ह्या होड्या मृताच्या परलोकयात्रेसाठी होत्या. त्या पाण्यात सोडावयाच्या नव्हत्या, की कोणी त्यांवर पट्टी लावून मोजमाप करणार नव्हते. श्रद्धेच्या बळावर चालणाऱ्या होडीस प्रमाणाची पंचाईत पडत नाही. आमच्या दिवाळीच्या किल्ल्याचेही तेच आहे.

प्रमाणाचा आग्रह प्रथम धरला तो सरकारी कचेऱ्यांनी. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या आरमारी गोद्यांत युद्धनौकांच्या लाकडी प्रतिकृती होऊ लागल्या. फुटास पाव इंच, म्हणजे मूळ नौकेच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढी, असे त्यांचे साधारण माप असे. पाण्याखालच्या भागावर फळ्या न मारता फासळ्या तशाच उघड्या ठेवीत, त्यामुळे नौकेची बांधणी आतपर्यंत दिसे. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस ह्याची नेमणूक आरमार-कचेरीत झाली तेव्हा त्यास गलबताचे अंग कसे असते ह्याची फारशी माहिती नव्हती. १६६२ साली त्याने कूपर नावाच्या एका खलाशी अधिकाऱ्याची शिकवणी लावली. ह्याच कूपरकडून तो पाढेही शिकत होता! गलबताचे भाग समजून घेताना कचेरीतील प्रतिकृती फार उपयोगी पडली, अशी नोंद त्याने करून ठेविली आहे. मोठमोठ्या हुद्द्यांवरील माणसांस आपल्या खात्याचा विषय असा खाली बसून शिकताना पाहण्याचे भाग्य आम्हांस क्वचितच लाभते. असो.

ह्या सरकारी नौका सुरेख खऱ्या, पण सर्व गलबतांत आमच्या मनात जी घर करून राहिली आहेत ती निराळीच आहेत, आणि ती हाडांची आहेत.

इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यामध्ये १७९३ पासून १८१५ पर्यंत, मधला अल्पकाळ वगळता, सारखे युद्ध चालू होते. त्यात धरलेल्या हजारो फ्रेंच व इतर कैद्यांस ठेवण्यासाठी इंग्रजांनी पीटरबरोनजीक नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये खास तळ उभारला. पुढे १८०९ मध्ये डार्टमूरच्या ओसाड माळावर दगडी तुरुंग उघडला. कैद्यांत खलाशी होते तसे सक्तीने भरती केलेले सुतार, सोनार, कोरीव काम करणारेही होते. सुटका केव्हा होईल हे कोणासच ठाऊक नव्हते. काम नाही, पैसा नाही, आणि दिवस मात्र संपता संपत नाहीत. शिध्यात गाई-मेंढ्यांचे मांस मिळे, त्याची हाडे उरत. ती उकळून, घासून, उन्हात पांढरी करून त्यांच्या बारीक पट्ट्या कापीत, आणि लाकडी सांगाड्यावर त्या पट्ट्या एकेक करून पितळी खिळ्यांनी बसवीत. डोलकाठ्यांचे दोर घोड्याच्या किंवा माणसाच्या केसांचे वळीत. अनेक नौकांत तोफा आतून तारेच्या कमानींवर बसविलेल्या असत. मागच्या बाजूस लोंबणारा दोरा ओढला की तोफांची सगळी ओळ एकदम आत जाई आणि सोडला की पुन्हा खिडक्यांतून डोकावे.

हे काम एकट्याचे नसे. कोणी हाडे कापी, कोणी दोर वळी, कोणी नाळेवरची मूर्ती कोरी. तळाच्या दरवाज्याशी बाजार भरे. तेथे आसपासच्या गावचे लोक येऊन ह्या वस्तू विकत घेत. गवताच्या काड्यांची वेणी विणून विकण्याचा धंदाही कैद्यांनी आरंभिला होता, पण त्याने गावच्या गरीब विणकरांच्या पोटावर पाय येतो म्हणून तो बंद पाडण्यात आला. हाडांच्या गलबतांनी कोणाचे पोट मारले जात नव्हते, म्हणून ती टिकली. आज पीटरबरोच्या संग्रहालयात कैद्यांच्या ह्या कामाचा मोठा संचय पाहावयास मिळतो. त्यात शत्रूच्या इंग्रजी नौकाही आहेत, कारण गिऱ्हाईक इंग्रज होते. आणि शिरच्छेदाच्या यंत्राच्या लहान प्रतिकृतीही आहेत, कारण तीही मागणी होती.

आता, जाणकार मनुष्य पट्टी घेऊन ही गलबते मोजू लागला तर त्यास पुष्कळ दोष सापडतात. डोलकाठ्या प्रमाणाबाहेर उंच, तोफा जाड, दोर दांडगे. कैद्यांजवळ नकाशे कोठून असणार? सर्व काम आठवणीवर. शिवाय मेंढीच्या हाडातून किती लांब पट्टी निघावी, हे मेंढी ठरविते. केसाहून बारीक दोर वळता येत नाही, आणि केसाचा दोर त्या प्रमाणात पाहिला तर अनेकदा खऱ्या नौकेवरील दोराहून जाडच भरतो. तरीही समोरून पाहता ही नौका वाऱ्यावर चालली आहे असा जो भास होतो, तो गोदीतल्या काटेकोर प्रतिकृतीत आम्हांस कधी झालेला नाही. नॉर्मन क्रॉस येथे सुमारे पावणेदोन हजार कैदी मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १९१४ साली तेथे स्तंभ उभारला गेला.

येथवर सांगितलेल्या सर्व प्रतिकृती नुसत्या पाहण्याच्या होत्या. प्रतिकृतीने केवळ दिसावयाचे सोडून मूळ वस्तूप्रमाणे कामही करावे, अशी अपेक्षा धरली की सृष्टी आडवी येते. ती कशी येते हे प्रथम एका प्रसिद्ध दुरुस्तीत स्पष्ट झाले. ग्लासगोच्या विद्यापीठात न्यूकोमेन पद्धतीच्या वाफेच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती वर्गात दाखविण्यासाठी ठेविलेली होती. ती धड चालत नसे. लंडनच्या कारागिराकडे पाठवूनही उपयोग झाला नाही, तेव्हा १७६३ च्या सुमारास ती जेम्स वॉट नावाच्या तरुण उपकरणकाराकडे आली. त्याने ती नीट बसविली, पण चार-दोन हेलकावे घेतले की बॉयलरमधील वाफ संपून यंत्र थांबे. बॉयलर तर प्रमाणाने पुरेसा मोठा दिसत होता. मग वाफ जाते कोठे?

उत्तर भूमितीत आहे. एखादी वस्तू सर्व बाजूंनी दहा पटींनी लहान केली, तर तिचे पृष्ठ शंभर पटींनी आणि आकारमान हजार पटींनी कमी होते. म्हणजे लहान नळकांड्यात वाफ मावते थोडी, पण तिला गार करणारी भिंत त्या मानाने दसपट मोठी! मोठ्या यंत्रातही नळकांडे प्रत्येक हेलकाव्यास तापवावे व गार करावे लागे आणि तेथेही बरीच वाफ फुकट जाई. पण कोळशाच्या खाणीवर कोळशाची ददात कोणास? तो अपव्यय खपून जात होता. लहान यंत्रात तो इतका वाढला की यंत्रच बंद पडले. वॉट ह्या एका प्रश्नाच्या मागे लागला, आणि १७६५ मध्ये वाफेचे पाणी करण्यासाठी नळकांड्याहून वेगळे पात्र असावे ही युक्ती त्यास सुचली. पुढचा इतिहास शाळेतली मुलेही जाणतात. किटलीच्या झाकणाची गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. नीट न चालणाऱ्या ह्या खेळण्याची गोष्ट तितकी कोणी सांगत नाही, हे आम्हांस थोडे अन्यायाचे वाटते. ती प्रतिकृती ग्लासगोस अजून जपून ठेविलेली आहे.

वॉटला वाफेने जे शिकविले ते विल्यम फ्रूड ह्यांस पाण्याने शिकविले. हे गृहस्थ मूळचे रेल्वेचे. ब्रुनेल ह्या विख्यात एंजिनिअरच्या हाताखाली ब्रिस्टल-एक्झिटर रेल्वेवर काम करीत असता, सरळ रूळ एकदम वळणात न नेता क्रमाक्रमाने वळवीत न्यावा, म्हणजे गाडीस हिसका बसत नाही, ही रीत त्यांनी बसवून दिली होती. पुढे ते नौकांकडे वळले. त्या काळी नौकेचा आकार कसा असावा म्हणजे पाणी कमी अडवील, हे खात्रीने सांगता येत नव्हते. लहान प्रतिकृती पाण्यात ओढून पाहावी, ही कल्पना जुनीच होती. पण तिच्यावरून काढलेली अनुमाने मोठ्या नौकेस लागू पडत नसत. त्यामुळे १८६९ साली ब्रिटिश असोसिएशनने नेमलेल्या समितीने, प्रयोग करावयाचे तर खऱ्या नौकांवरच करावेत, असा अभिप्राय दिला. फ्रूड त्या समितीचे सभासद होते. त्यांनी आपले मतभेदाचे टिपण वेगळे जोडले.

मतभेदास आधार होता. १८६७ मध्ये त्यांनी डार्ट नदीत 'स्वॅन' आणि 'रेव्हन' अशा दोन आकारांच्या प्रतिकृती, प्रत्येकी तीन, सहा व बारा फुटांच्या, ओढून पाहिल्या होत्या. तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की लहान नौकेस मोठीच्याच वेगाने ओढणे ही चूक, आणि लांबीच्या प्रमाणात वेग कमी करणे हीही चूक. लांबी सोळा पटींनी कमी केली तर वेग सोळाचे वर्गमूळ म्हणजे चार, तितक्याच पटींनी कमी करावा. तसे केले असता दोन्ही नौकांभोवती उठणाऱ्या लाटांचे चित्र हुबेहूब सारखे दिसते, आणि लाटा उठविण्यात जो जोर खर्च होतो त्याचा हिशेब लहानावरून मोठ्यास मांडता येतो. पाण्याच्या घर्षणाचा नियम मात्र निराळा. म्हणून तो हिशेब त्यांनी साध्या फळ्या पाण्यात ओढून वेगळा केला. म्हणजे पाण्याचा एक गुण एका हिशेबाने लहान होतो, दुसरा दुसऱ्या हिशेबाने, आणि दोन्ही एकाच वेळी कधीच जुळत नाहीत! ही अडचण फ्रूड ह्यांनी मिटविली असे म्हणता येणार नाही. तिच्याशी तह कसा करावा एवढे त्यांनी दाखवून दिले.

१८७१ साली 'ग्रेहाउंड' ही खरी युद्धनौका दुसऱ्या नौकेमागे बांधून समुद्रात ओढण्यात आली व तिला लागणारा जोर मोजण्यात आला. इकडे आरमारखात्याने दिलेल्या दोन हजार पौंडांत फ्रूड ह्यांनी टॉर्की येथे आपल्या घराजवळ लांब अरुंद झाकलेला हौद बांधला. १८७२ पासून त्यात मेणाच्या नौका धावू लागल्या. मेणाच्या अशासाठी, की आकार किंचित बदलावयाचा तर खरवडता येतो आणि नौका निकामी झाली तर वितळवून दुसरी ओतता येते. प्रतिकृतीवरून केलेला हिशेब आणि 'ग्रेहाउंड'चे मोजमाप ह्यांचा मेळ बसला, आणि विरोधकांची तोंडे बंद झाली. आज जगात कोठेही मोठे जहाज बांधावयाचे झाले की त्याची लहान प्रतिकृती आधी अशा हौदात ओढून पाहतात.

लंडनला केन्सिंग्टन बागेत जे वाटोळे तळे आहे, त्याच्या काठी एकोणिसाव्या शतकापासून शिडाच्या लहान होड्या घेऊन हौशी मंडळी जमत आली आहेत. फ्रूड ह्यांची सूत्रे त्यांच्यापैकी कितीजणांनी वाचली असतील कोण जाणे. पण तोच धडा त्यांस होडी उलटून मिळे. खऱ्या शर्यतीच्या होडीची हुबेहूब लहान प्रतिकृती करून पाण्यात सोडली की ती पहिल्याच झुळुकीस आडवी होते. कारण उघड आहे. शिडाचे क्षेत्रफळ कमी झाले त्याहून होडीचे वजन फार अधिक कमी झाले. वारा मात्र होता तेवढाच राहिला. तेव्हा हौशी कारागीर होडीखाली खोल पाते लावून त्याच्या टोकाला शिशाचा गोळा अडकवितो. रूप बिघडते, पण होडी तरते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी शिडाच्या दोरीने सुकाणू आपोआप फिरविण्याची सोय निघाली, आणि होडी सोडून तिच्या मागोमाग काठाकाठाने काठी घेऊन धावणे हा पोक्त गृहस्थांचा रविवारचा उद्योग होऊन बसला. हातातून सुटलेली होडी आता वाऱ्याच्या स्वाधीन. ती पलीकडे पोचेल की मध्येच घुटमळेल, ह्या अनिश्चितीतच त्या खेळाची सारी गोडी असावी असे आम्हांस वाटते.

आगगाड्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. गलबताचा कारागीर एकेकटा. आगगाडीस रूळ लागतो, आणि एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालावयाचा तर सर्वांचे माप एक हवे. जर्मनीत ग्योपिंगेन येथे बाहुल्यांच्या स्वयंपाकाची पत्र्याची भांडी करणाऱ्या मेर्कलिन घराण्याने १८९१ साली लाइप्झिगच्या जत्रेत ठराविक मापांच्या रुळांवर चालणारी, पुढे हवी तशी वाढविता येणारी आगगाडी मांडली. एक डबा घेतला की दुसरा घ्यावासा वाटतो, हे मनुष्यस्वभावाचे मर्म त्या व्यापाऱ्यांनी बरोबर हेरले होते. पुढे न्यूरेंबर्गचा बिंग, इंग्लंडातील नॉर्दम्टनचा बॅसेट-लोक, लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्न्बी असे कारखानदार पुढे आले. घरे लहान होत गेली तशी गाड्यांची मापेही उतरत गेली. शून्य क्रमांकाच्या मापात रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर होते. त्याचे जवळजवळ निम्मे म्हणजे १६.५ मिलिमीटर असे टेबलावर मावणारे माप १९२० नंतरच्या काळात निघाले.

आणि येथेच इंग्लंडात तो तंटा उपजला जो अद्याप मिटलेला नाही. खऱ्या इंग्रजी रुळांतील अंतर ४ फूट ८.५ इंच. ते १६.५ मिलिमीटर धरले तर बाकी सर्व वस्तू फुटास ३.५ मिलिमीटर ह्या प्रमाणात केल्या पाहिजेत. युरोप-अमेरिकेत तसेच केले. पण इंग्रजी इंजिने मुळातच अंगाने बारीक, कारण त्यांचे बोगदे व पूल अरुंद. त्या प्रमाणात केलेल्या इंजिनाच्या पोटात त्या वेळची विजेची मोटर मावेना. तेव्हा हेन्री ग्रीनली प्रभृती रचनाकारांनी एक तडजोड केली. इंजिन व डबे फुटास ४ मिलिमीटर ह्या मोठ्या प्रमाणात करावेत आणि रूळ मात्र तसेच १६.५ वर ठेवावेत! हॉर्न्बीच्या कारखान्याने १९३८ साली ह्याच मापाच्या गाड्या बाजारात आणल्या आणि तडजोड रूढ झाली. हिशेब केला तर ह्या रुळांवरून धावणारी इंग्रजी गाडी ४ फूट दीड इंचाच्या रुळांवर चालते, म्हणजे सात इंच अरुंद. समोरून पाहिले तर भरदार माणूस पाय जुळवून उभा राहावा तशी ती दिसते.

एकदा ही गोष्ट डोळ्यांस खुपू लागली की मग सुख नाही. पुष्कळांनी खुपू दिली नाही व सुखाने गाड्या चालविल्या. काहींनी रूळ स्वतःच्या हातांनी १८ मिलिमीटरांवर घातले. आणखी काहींस १९६० नंतरच्या दशकात तेवढ्यानेही समाधान होईना. त्यांनी काटेकोर १८.८३ मिलिमीटर हे माप धरून चाकांच्या कडासुद्धा प्रमाणात पातळ केल्या. कड पातळ केली की रुळातील केसाएवढ्या चुकीनेही गाडी घसरते! म्हणजे खरेपणा जितका अधिक तितका गाडीचा भरवसा कमी. पहिल्या पक्षास हे लोक सोवळ्यातले वाटतात, ह्यांस ते लोक बाजारी वाटतात. आणि मौज अशी की प्रदर्शनांत दोघेही एकमेकांच्या गाड्या निरखून पाहताना आढळतात.

आपल्याकडच्या हौशी माणसाची तर ह्याहून पंचाईत. मुंबई-ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला तो साडेपाच फुटी रुळांचा. फुटास ४ मिलिमीटर ह्या प्रमाणात ते अंतर बरोबर २२ मिलिमीटर भरते, आणि बाजारात तयार मिळणारे रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे. ज्यास 'दख्खनची राणी' टेबलावर धाववावयाची आहे त्याने एकतर तिला परक्या अरुंद रुळावर चालवावे, किंवा रूळ, चाके, आस सगळेच घरी घडवावे. पुण्यास कोथरुडात १९९८ साली भाऊ जोशी ह्यांनी लहान आगगाड्यांचे संग्रहालय उघडले. तेथे गाड्या धावू लागल्या की रुळांतील अंतर कोण मोजीत बसणार? पण मनाशी असा हिशेब करून पाहावा: मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटरांचे अंतर ह्याच प्रमाणात घातले तर अडीच किलोमीटर जागा लागेल. म्हणजे टेबलावर घाट येतो, बोगदा येतो, स्टेशन येते, पण अंतर म्हणून जी काही वस्तू आहे ती येत नाही. तीच गत वळणाची. खऱ्या मार्गावरील एक किलोमीटर त्रिज्येचे वळण ह्या प्रमाणात तेरा मीटरांचे होईल. टेबलावर ते हात-दीड हातात बसवावे लागते. काळही आकसत नाही. म्हणून अमेरिकेत वेळापत्रकाबरहुकूम गाड्या चालविणारे हौशी लोक भिंतीवरचे घड्याळच मुद्दाम कितीतरी पट जलद धावते ठेवितात. दोन स्टेशनांमधला अर्ध्या मिनिटाचा प्रवास त्या घड्याळात शोभेसा होतो.

कोळशाने चालणाऱ्या लहान इंजिनांवरून १९२२ पासून इंग्लंडातील 'मॉडेल एंजिनिअर' नियतकालिकात मोठा वाद माजला होता. 'एल. बी. एस. सी.' ह्या नावाने लिहिणारा एक जुना रेल्वे-कामगार म्हणे की अडीच इंची रुळांवरचे इंजिनसुद्धा खरा कोळसा जाळून मोठ्या माणसास ओढील. व्यापारी पक्षाचा कल स्पिरिटच्या दिव्यावर चालणाऱ्या इंजिनांकडे होता. त्याने १९२४ च्या प्रदर्शनात आपले इंजिन चालवून माणसे ओढून दाखविली. त्याची मख्खी एवढीच होती की बॉयलरमधील धुराच्या नळ्या त्याने प्रमाणात बारीक केल्या नाहीत, कारण तितक्या बारीक नळीतून विस्तव ओढला जात नाही. त्याने त्या थोड्या व जाड घातल्या. आत खोटे बोलल्यावाचून बाहेर खरे चालत नाही, हे त्याने ओळखले होते.

ह्या छंदातील रोजच्या अडचणी मात्र अशा तात्त्विक नसतात. धूळ ही त्यांतली पहिली. वीज रुळांतून चाकांत जाते, आणि त्या प्रमाणात धुळीचा कण म्हणजे रुळावर पडलेला धोंडाच. शंभर टनांचे इंजिन ह्या मापात आणले तर त्याचे वजन सव्वादोनशे ग्रॅमच भरेल. तेवढ्या वजनाने धुळीचा थर दबत नाही आणि गाडी मध्येच उभी राहते. मग बोटाने ढोसा द्यावा लागतो, आणि पाहुण्यांसमोर नेमका तो द्यावा लागतो! दुसरी अडचण हरवण्याची. मोहरीएवढा स्क्रू चिमट्यातून उडाला की तो सापडत नाही; घरातील झाडलोट करणारास तो सापडतो, पण तो केरात. डाख देताना बोटे भाजतात. चाळिशी ओलांडल्यावर भिंग लागते. आणि टेबल मोकळे केव्हा होणार, हा प्रश्न घरात दिवसातून दोनदा विचारला जातो. हे सर्व सोसून मनुष्य पुन्हा संध्याकाळी तेथेच जाऊन बसतो. त्यास विचारले तर कारण सांगता येत नाही. आमचा अंदाज असा की दिवसभर कचेरीत ज्याच्या हातून एकही गोष्ट पुरी होत नाही, त्यास येथे निदान एक डबा पुरा करता येतो.

टेबलावर काय दिसते ह्यापेक्षा टेबलाखाली काय आहे ह्यातच ज्यांचा जीव गुंतला, असे हौशीही निघाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात १९४६ साली विद्यार्थ्यांनी लहान आगगाड्यांचे मंडळ काढले. त्यातील काहींस डबे रंगविण्यात व डोंगर उभारण्यात गोडी, तर काहींनी टेलिफोन कंपनीच्या जुन्या सामानातून सिग्नल व सांधे चालविणारी तारांची अशी काही गुंतागुंत उभी केली की ती समजून घेण्यातच त्यांची रात्र सरे. हीच मुले पुढे विद्यालयातील पहिल्या संगणकांभोवती घोटाळू लागली, आणि १९६२ मध्ये संगणकावरील आरंभीच्या खेळांपैकी जो एक प्रसिद्ध झाला, त्या अवकाशयुद्धाच्या खेळाच्या कर्त्यांत ह्या मंडळाचे सभासद होते. गाडीचा डबा त्यांना केव्हाच निमित्तमात्र झाला होता.

आता एका माणसाविषयी सांगावयाचे राहिले. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडात आला. आगगाड्यांचा छंद त्यास होताच. पण दक्षिण इंग्लंडातील 'शुभ्र अश्वाच्या खोऱ्यात' हिंडताना त्याच्या डोळ्यांदेखत गवताने शाकारलेली जुनी घरे पाडली जात होती, छपरांवर पत्रे चढत होते. ही घरे वाचविण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा त्याने त्यांची मापे घेण्यास आरंभ केला, आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करू लागला: फुटास ४ मिलिमीटर. भिंतीतील विटा एकेक करून रंगविलेल्या, छप्पर नळकाम करणारे वापरतात त्या तागाच्या धाग्यांचे, खिडकीत पडदा, परसात फुलझाडे. एकेका घरास महिनेच्या महिने लागत. १९५४ साली ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनम ह्या खेड्यात त्याने ह्या कामासाठी पेंडन नावाचे संग्रहालय काढले. त्यात सबंध खोरे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात होते तसे वसवावयाचे असा बेत होता. एका आयुष्यात तो पुरा होण्यासारखा नव्हता, हे त्यास ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही. मदतनीस मिळत गेले. त्यांतील तरुणांनी ती मूळची घरे कधी पाहिलेली नव्हती. ते जुने फोटो लावून बसत, उभी असलेली घरे मोजून येत, आणि जे घर पडून गेले होते त्याच्या धुराड्याच्या विटा मोजीत.

रॉय इंग्लंड १९९५ साली वारला. त्याच्या खोऱ्यात दर वर्षी आणखी एखादे घर, एखादे कुंपण, एखादी बाग भरली जाते. गाड्याही धावतात, पण पाहणारे पुष्कळ वेळ घरांपाशीच वाकून उभे असतात, आणि गाडी येऊन गेली तरी त्यांना ते कळत नाही.